शीग आणि सपाट : जालना परिसरातील धान्यमापांचा इतिहास

जालन्याच्या मोंढ्यात शेतमालाचे वजन करणाऱ्यास आजही ‘मापाडी’ असेच म्हणतात. त्याच्यासमोर इलेक्ट्रॉनिक काटा असतो, आकडे किलोत उमटतात, हिशेबपट्टी क्विंटलवर होते. माप म्हणावे असे त्याच्या हाती काही उरलेले नाही. तरीही नाव टिकले आहे. ज्या काळात हे नाव पडले, त्या काळी खळ्यावर आणि दुकानात धान्य तोलले जात नसे, ते मापले जात असे. ते काम करणारा मापाडी ज्वारीच्या राशीशी बसून पायलीने धान्य मोजी आणि पहिल्या पायलीला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणून मोजणीस आरंभ करी. व्यापारी समाजाच्या वहीवरील ‘शुभ-लाभ’ या दोन शब्दांपैकी दुसरा शब्द असा शेतकऱ्याच्या खळ्यापर्यंत पोहोचलेला होता.

या मापांची परंपरा महाराष्ट्रात सर्वत्र जवळजवळ सारखी होती. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अधोली आणि दोन अधोल्यांची एक पायली. येथपर्यंत सारा व्यवहार दुपटीचा असल्याने निरक्षर माणसालाही तो बोटांवर करता येई. पायलीच्या पुढे मात्र एकवाक्यता संपते. कोठे बारा पायल्यांचा मण धरीत, कोठे सोळा पायल्यांचा. वीस मणांची खंडी उभय ठिकाणी मान्य; परंतु बारा पायल्यांच्या हिशेबाने खंडीचे ९६० शेर होतात, तर सोळा पायल्यांच्या हिशेबाने १,२८०. एकच शब्द उच्चारून दोन गावचे दोन गृहस्थ ३२० शेरांच्या अंतरावर उभे असत. त्यातच पायली गावोगावी लहानमोठी होती. त्यामुळे ‘तुमची पायली केवढी?’ हा प्रश्न सोयरिकीत आणि सौद्यात सारखाच महत्त्वाचा ठरे. ‘पायलीचे पंधरा’ हा वाक्प्रचार सर्वांच्या तोंडी आहे. त्यातील पायली नेमकी कोणत्या गावची, हे मात्र कोणी विचारीत नाही.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म होती. शेर, मण आणि खंडी ही तिन्ही नावे मापालाही लावीत आणि वजनालाही. वजनी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे ९३३ ग्रॅम. चाळीस शेरांचा मण ३७.३२४ किलोग्रॅम. मापी शेर हा मात्र एका भांड्याचा आकार. त्या भांड्यात ज्वारी भरली तर एक वजन, गहू भरला तर दुसरे, करडई भरली तर तिसरे. एक लिटरच्या भांड्यात सपाट भरलेला गहू सुमारे पावणेआठशे ग्रॅम भरतो, ज्वारी त्याहून किंचित कमी, तर करडई जेमतेम अर्ध्या किलोच्या थोडी वर जाते. म्हणून ‘एक शेर म्हणजे किती किलो?’ असा प्रश्न आज कोणी विचारला, तर मापी की वजनी, आणि मापी असेल तर कोणत्या धान्याचा, हे आधी विचारावे लागते.

जालना परिसरात या गोंधळाला राजकीय इतिहासाचीही जोड होती. भोकरदन तालुक्यातील आसई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसले यांच्या फौजा आणि इंग्रज यांच्यात लढाई झाली. पुढे निजामाच्या राज्यात राहूनही जालना हे हैदराबाद कंटिंजंटच्या छावणीचे ठाणे बनले. सदर बाजार हे नाव त्या छावणीची आठवण आहे. परिणामी येथील पेढ्यांना निजामाचा हाली रुपया आणि इंग्रजांचा कलदार रुपया असे दोन्ही सांभाळावे लागत. शंभर कलदार म्हणजे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, हा ठरीव दर मुनीमजींना पाठ असे. इकडे खळ्यावर पायली, तिकडे अडत दुकानात पल्ला. पल्ला म्हणजे १२० वजनी शेर, अर्थात तीन मण. आजचे सुमारे ११२ किलो. एकाच दिवसाच्या खरेदीत माल पायलीने मापून घ्यायचा, पल्ल्याने तोलून पाठवायचा, भाव हालीत ठरवायचा आणि मुंबईच्या पेढीचा हिशेब कलदारात ठेवायचा, अशी चौपदरी कसरत चाले. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी आणि दिडकी यांचे पाठांतर पूर्वी मुलांकडून का घोटून घेत असत, याचे उत्तर या व्यवहारात आहे.

परंतु हे सारे अंकगणित होते आणि अंकगणित शिकता येते. खरा प्रश्न भांड्याच्या काठावर निर्माण होत असे. माप काठोकाठ भरून वरून फळीने किंवा हाताने पुसून घेतले, तर ते ‘सपाट’ माप. काठाच्या वर धान्याचा शंकू उभा राहीपर्यंत भरले, तर ती ‘शीग’. ‘शिगोशीग भरलेले’ हे विशेषण मराठीत समृद्धीसाठी वापरले जाते, ते येथूनच आले. शीग किती उभी राहील, हे धान्यावर, भरणाऱ्याच्या हातावर आणि विशेषतः भांड्याच्या तोंडावर अवलंबून असते. एक लिटर मावणारी दोन भांडी घ्यावीत. पहिल्याचा व्यास आणि उंची दोन्ही सुमारे पावणेअकरा सेंटिमीटर. दुसरे पसरट, व्यास पावणेचौदा आणि उंची पावणेसातच्या आसपास. सपाट भरली तर दोन्हींत तेवढेच धान्य. शीग लावली की पहिल्यावर सुमारे ९५ मिलिलिटर जादा राहते, दुसऱ्यावर मात्र सुमारे १९०. माप तेच, शिक्का तोच, आणि देणाऱ्याचे दहा टक्क्यांऐवजी एकोणीस टक्के जाते. भांड्याच्या बुडाला पोचा पाडणे किंवा आतून लाख लावणे या लबाड्या पकडता येत. पसरट तोंडाच्या मापात मात्र पकडण्यासारखे काहीच नसे.

जैन शास्त्रकारांनी या काठावरच्या धान्याचा किती बारकाईने विचार केला होता, हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. अनुयोगद्वारसूत्रात प्रमाणाचे विवेचन करताना धान्यमान आणि रसमान असे दोन वेगळे विभाग केलेले आहेत. धान्यमानाचा आरंभ माणसाच्या हातापासून होतो: दोन असतींची एक प्रसृती (मराठीतील ‘पसा’ तिच्याच कुळातला), दोन प्रसृतींची एक सेतिका, चार सेतिकांचा एक कुडव, चार कुडवांचा प्रस्थ, चार प्रस्थांचा आढक, चार आढकांचा द्रोण. साठ आढकांचा जघन्य कुंभ, ऐंशींचा मध्यम, शंभरांचा उत्कृष्ट. आणि आठशे आढकांचा वाह. हिशेब केला तर एका वाहात २,०४,८०० असती होतात. रसमानाची रचना निराळी आहे. तेथे मानीचे चौसष्टाव्या, बत्तिसाव्या, सोळाव्या, आठव्या, चौथ्या आणि निम्म्या भागापर्यंतचे अंश सांगितले आहेत, म्हणजे आपल्या निळवे-कोळवे-चिपटे-मापट्याप्रमाणेच दुपटीची साखळी. शेराचा सोळावा भाग ते निळवे. तेथे मानीचा सोळावा भाग ती षोडशिका.

याच ठिकाणी सूत्र एक महत्त्वाची गोष्ट सांगते. द्रव पदार्थ मोजण्याचे मान हे धान्यमानापेक्षा चौथ्या हिश्श्याने मोठे असावे, कारण धान्याला वर शिखा राहते, द्रवाला राहत नाही. म्हणून द्रवाची शिखा मापाच्या पोटात सामावून घ्यावी. तेल किंवा तूप घेणाऱ्यावर धान्य घेणाऱ्याच्या तुलनेत अन्याय होऊ नये, याची ही तजवीज होय. शीग म्हणजे देणाऱ्याची मर्जी, असे सूत्रकारांनी मानले नाही. तिला एक निश्चित परिमाण दिले, पाव हिस्सा. एवढी शीग राहण्यासाठी भांड्याच्या तोंडाची रुंदी त्याच्या खोलीच्या अडीच पटींहून थोडी अधिक असावी लागते. यावरून तेव्हाची मापे चांगलीच पसरट असावीत, असा तर्क करता येतो.

शिखेचे गणितही जैन आचार्यांनी मांडले. श्रवणबेळगोळच्या बाहुबली मूर्तीचे निर्माते चामुंडराय यांचे समकालीन आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती यांनी दहाव्या शतकात त्रिलोकसार रचला. असंख्यात ही संख्या समजावून सांगण्यासाठी त्यात जंबूद्वीपाएवढ्या विस्ताराचे कुंड मोहरीने भरण्याची कल्पना येते, आणि ते कुंड सपाट भरायचे नसून शिखेसह भरायचे आहे. मग शिखेत किती मोहरी मावेल, हे काढणे ओघानेच आले. ग्रंथातील नियम असा: परिघाचा अकरावा भाग ही शिखेची उंची, परिघाच्या सहाव्या भागाचा वर्ग करून त्याने उंचीस गुणावे, म्हणजे शिखेचे घनफळ येते. परिघाच्या अकराव्या भागाएवढी उंची म्हणजे आजच्या भाषेत सुमारे ३० अंशांचा उतार होय, आणि कोरड्या धान्याची रास साधारण तेवढ्याच उतारावर स्थिरावते. वर दिलेले ९५ आणि १९० मिलिलिटरचे आकडे याच अकराव्या भागाची उंची धरून काढलेले आहेत. एका अलौकिक कुंडासाठी सांगितलेला नियम मोंढ्यातील शेरालाही लागू पडतो, यात त्या आचार्यांच्या निरीक्षणाची साक्ष आहे. मोहरीची रास त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली असली पाहिजे.

हे ज्ञान आपल्या भूमीला परके नव्हते. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, इसवी सन ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी गणितसारसंग्रह लिहिला. त्यात षोडशिकेपासून खारीपर्यंतची धान्यमापे चौपटीच्या क्रमाने दिली असून खोदकामाच्या घनफळावर स्वतंत्र प्रकरण आहे. वेरूळची जैन लेणी याच राष्ट्रकूटांच्या प्रदेशात आहेत. पुढे ११५० मध्ये भास्कराचार्यांच्या लीलावतीत राशिव्यवहार आला. तेथे जाड्या धान्याच्या राशीची उंची परिघाच्या दहाव्या भागाएवढी, बारीक धान्याची अकराव्या आणि कुसळाच्या धान्याची नवव्या भागाएवढी धरली आहे. घनफळाचा नियम तोच. भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे, म्हणजे भोकरदनपासून अजिंठ्याचा डोंगर ओलांडला की पलीकडे. लीलावतीत आणखी एक नोंद आहे: लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी एक हात असलेल्या घनात मावते ती मगध देशाची खारी. लांबीच्या एककावरून मापाचे एकक बांधण्याची ही पद्धत आणि दहा सेंटिमीटरच्या घनाला लिटर म्हणण्याची आजची पद्धत यांत तत्त्वतः फरक नाही.

गणिताकडून आचाराकडे वळले की विषय अधिक जवळचा होतो. श्रावकाच्या तिसऱ्या अणुव्रताचे, म्हणजे अचौर्याचे, पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत. त्यांपैकी एकाचे नाव ‘हीनाधिकमानोन्मान’. आचार्य पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत या संज्ञेची फोड करताना मान म्हणजे प्रस्थ आदी मापे आणि उन्मान म्हणजे तराजू आदी तोलसाधने असा भेद स्पष्ट केला, आणि दुसऱ्याला देताना कमी मापाने द्यावे, स्वतः घेताना अधिक मापाने घ्यावे, ही त्यातील लबाडी असे सांगितले. श्वेतांबर परंपरेत उपासकदशांगसूत्रात भगवान महावीर आनंद श्रावकाला हाच अतिचार कूट तोल आणि कूट माप या नावाने सांगतात, आणि प्रतिक्रमणात त्याची आलोचना आजही केली जाते. संप्रदाय वेगळे असले तरी दोघांच्याही यादीत खोट्या मापाला चोरीच्या प्रकरणातच जागा मिळाली, व्यापारातील चतुराईच्या नव्हे.

पूज्यपादांच्या विवेचनातील ‘देताना’ आणि ‘घेताना’ या दोन शब्दांचे मराठवाड्याच्या ग्रामीण व्यवहारात फार वजन होते. मृगाच्या तोंडावर शेतकरी बियाण्यासाठी ज्वारी उसनी नेई आणि सुगीला सवाईने किंवा दिढीने परत करी. पायलीला सव्वा पायली वा दीड पायली, हा व्याजाचा उघड भाग. तो उभयपक्षी ठरलेला असे. आषाढात सपाट मापाने दिलेले धान्य पौषात शिगेच्या मापाने परत घेतले, तर व्याजावर आणखी व्याज चढे आणि ते कोणत्याही वहीत दिसत नसे. दहा टक्के शिगेच्या मापाने सवाई फेडणारा शेतकरी प्रत्यक्षात शंभरास १३७ हून अधिक देई. पसरट माप असेल तर जवळजवळ १४९. वही खरी आणि व्यवहार खोटा, अशी ही स्थिती. १८७५ मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव करून खतपत्रे जाळली. त्यांचा राग कर्जरोख्यांवर आणि व्याजावर होता, आणि त्याची झळ मारवाडी व गुजर सावकारांना बसली, हे इतिहासात नमूद आहे. निजामी मुलखातील जालना त्या वणव्याबाहेर राहिले, एवढ्यावरून येथील प्रत्येक माप सपाट होते असे म्हणता येणार नाही. उलट, सपाट दिले तर सपाटच घ्यायचे, हा नियम कसोशीने पाळणारी दुकानेही होती आणि गावाला ती ठाऊक असत. ज्याच्या दुकानी मुलाला एकटे पाठवता येते तो खरा व्यापारी, ही कसोटी कायद्याच्या कितीतरी आधीची आहे.

राज्यसंस्थेने या क्षेत्रात हळूहळू पाऊल टाकले. ब्रिटिश मुंबई इलाख्यात १९३२ च्या कायद्याने वजने-मापे प्रमाणित झाली. हैदराबाद संस्थानात असल्यामुळे जालन्याला तो लागू नव्हता. निजाम सरकारने १३३९ फसली, म्हणजे १९३० मध्ये, शेतमाल बाजाराचा कायदा केला आणि नियंत्रित बाजारपेठांचा मार्ग मोकळा झाला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात संसदेच्या वजनमाप प्रमाणक कायद्याला मंजुरी मिळाली. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले, तर १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आणि लिटर. अवघ्या काही वर्षांत जालन्याच्या दुकानदाराला राज्य, नाणे आणि माप, सर्वच बदललेले पाहावे लागले. १ मे १९८१ रोजी औरंगाबादपासून (आजचे छत्रपती संभाजीनगर) वेगळा होऊन जालना जिल्हा झाला, तोवर मोंढ्यातून पल्ला गेला होता.

दशमान पद्धतीने शेराचा किलो झाला, हे सर्वांना आठवते. शीग गेली, हे फारसे कोणाच्या लक्षात आले नाही. धान्य वजनावर विकले जाऊ लागल्यावर काठावरच्या शंकूला अर्थच उरला नाही. १९७२ च्या दुष्काळात रेशनच्या दुकानातून मिळणारी मिलो ज्वारी किलोवर मिळाली. त्या लाल ज्वारीची चव कोणालाच आवडली नाही, पण तिच्यामुळे किलोची सवय खेड्यापाड्यांत घट्ट झाली. तेल आणि दूध लिटरवर गेले. लिटरचीही स्वतःची एक छोटी कथा आहे. १९०१ पासून एक किलो शुद्ध पाण्याचे घनफळ म्हणजे लिटर, अशी व्याख्या होती आणि ती दहा सेंटिमीटरच्या घनापेक्षा दशलक्षात सुमारे २८ भागांनी मोठी भरत असे. १९६४ मध्ये ती रद्द होऊन लिटर आणि घन एकरूप झाले. इतक्या सूक्ष्म फरकासाठी जगातील तज्ज्ञ एकत्र बसले. पावशेर हा शब्द मात्र आपण सोडला नाही. २३३ ग्रॅमऐवजी तो आता निमूटपणे २५० ग्रॅमवर जाऊन बसला आहे. सध्या २००९ चा वैध मापनशास्त्र कायदा अमलात आहे.

आज अनेक संस्थांच्या आणि घराण्यांच्या जुन्या चोपड्यांत ज्वारीच्या पायल्या, गुळाचे शेर, सरकीचे पल्ले यांच्या नोंदी सापडतात. जीवदयेसाठी दिलेले धान्य, पर्युषणातील प्रभावना, दुष्काळातील वाटप असे कितीतरी दान या एककांत बंदिस्त आहे. त्यांचे आजच्या परिमाणांत रूपांतर करताना पुस्तकातील एखादा कोष्टकाचा आकडा सरसकट लावणे चुकीचे होईल. पल्ला, वजनी मण आणि वजनी शेर यांचे रूपांतर निश्चित आहे, पल्ल्यास १११.९७ किलो धरावेत. पायलीसाठी मात्र त्या गावची, शक्य तर त्या घरची, पायलीच पाहावी लागते. अनेक वाड्यांच्या माळ्यांवर आणि देवघराशेजारच्या कोनाड्यांत पितळी वा लोखंडी मापे अजून पडून आहेत. असे माप स्वच्छ करून रिकामे तोलावे, मग काठापर्यंत पाण्याने भरून पुन्हा तोलावे. फरकाचे जेवढे किलो, तेवढे लिटर. नंतर ते वाळवून त्यात ज्वारी आधी सपाट आणि मग शिगेने भरून दोन्ही वेळा वजन घ्यावे. जे तीन आकडे येतील ते मापाच्या नावासह त्याच चोपडीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत, म्हणजे तिच्यातील प्रत्येक पायली वाचता येईल.